मुलाखत होऊन आठ दिवस झाले, कंपनीला पुन्हा मेल करू का?

हो, जरूर करा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, चाकणला क्वालिटी इन्स्पेक्टरसाठी मुलाखत, 'कळवतो' म्हणाले आणि पुढे काहीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. पाठपुरावा म्हणजे लाचारी नव्हे.

मुलाखतीला बोलावलेल्या मेललाच रिप्लाय करा, म्हणजे समोरच्याला तुमचा बायोडाटा शोधत बसावं लागत नाही. मजकूर एवढाच: "मंगळवारी आपली भेट झाली. मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनबद्दल आपण विचारलं होतं; अ‍ॅप्रेंटिसशिपमध्ये ते काम मी स्वतः केलं आहे. निर्णय कधीपर्यंत होईल, कळवाल का?" तिथल्या बोलण्यातली अशी एक खूण हवीच, त्यावरून चेहरा आठवतो. अर्थात जे खरंच केलंय तेच लिहा.

अर्जासोबतच्या पत्रातून 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' काढून टाका. ते सगळेच लिहितात. जाहिरातीत मागितलेलं एखादं काम तुम्ही कुठे, कसं केलंत ते सांगा. आणि पाठवण्याआधी वरचं कंपनीचं नाव तपासा! अर्ज चाळताना दुसऱ्याच कंपनीच्या नावाची पत्रं मला हमखास सापडतात. चांगली मुलं एवढ्याशा चुकीने मागे पडतात, फार वाईट वाटतं.

या मेललाही आठवडाभरात उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा. तोवर दुसरीकडचे अर्ज थांबवू नका.