डिस्चार्ज कार्डावरची ‘चार वर्षं’

तासगावच्या एका वाचकाचा प्रश्न. पॉलिसी जून 2022 ची. फेब्रुवारी 2025 मध्ये डीएसए तपासणीत (मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी) पत्नीला मोयामोया, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जाण्याचा आजार, निघाला, मार्चमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूचं बायपास झालं. एप्रिलमध्ये कंपनीने ‘आजार पॉलिसीआधीचा’ म्हणून क्लेम फेटाळला. आधार एकच: डिस्चार्ज कार्डावरची ‘चार वर्षांपासून डोकेदुखी, उजव्या हाताला मुंग्या’ ही ओळ. तेव्हापासून ते कस्टमर केअरला मेल करतायत; आता काय करायचं, असं विचारतात.

पॉलिसीतली ‘पूर्वीपासूनचा आजार’ ही व्याख्या काढा. पॉलिसी घेण्याआधीच्या 48 महिन्यांत (पॉलिसीच्या नव्या मजकुरात 36) डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरने सल्ला वा उपचार दिले तो आजार. दुकानातून आणलेली डोकेदुखीची गोळी यात बसत नाही. पण तेव्हा मुंग्यांसाठी डॉक्टरकडे गेला असाल, तर केस अवघड होते; ती चिठ्ठी माझ्यापासून लपवू नका.

इस्पितळातून पूर्ण इनडोअर केसपेपर (भरती असतानाच्या सगळ्या नोंदी) मागा. लेखी अर्जानंतर 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हिस्टरी कोणी सांगितली ते त्यात असतं, बहुधा तुम्हीच, रात्री अंदाजाने. जुन्या कार्डावर खाडाखोड नको. सर्जनकडून वेगळा दाखला घ्या: निदानाची पहिली तारीख, आणि अँजिओग्राफीशिवाय हा आजार पक्का ओळखता येत नाही हे.

नकाराच्या पत्रात क्लॉज कोणता तेही बघा. प्रतीक्षा काळ (पूर्वीच्या आजाराला विमा लागू होण्याआधीचा काळ) असेल तर फक्त या क्लेमचा वाद. ‘माहिती दडवली’ असेल तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. पॉलिसी घेताना एजंटने आजारांच्या प्रश्नांपुढे सगळीकडे ‘नाही’ची टिक केलेल्या फॉर्मवर न वाचता सही करण्याची ही किंमत.

आणि इतके महिने कस्टमर केअरला मेल कसले करताय? त्याने मुदत थांबत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला, तर तिथून वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. नाहीतर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग: मुदत नकारापासून दोन वर्षं, म्हणजे एप्रिल 2027. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. आयोगात तारखा किती पडतील, ते विचारू नका.

हा आजार बहुधा दोन्ही बाजूंना असतो. उजवी बाजू करायची असेल तर हप्ता चुकवू नका, प्रतीक्षा काळ कधी संपतो ते पॉलिसीत बघा. मात्र सर्जन ‘आत्ताच करा’ म्हणाले, तर क्लॉजसाठी थांबू नका.