जिल्ह्यातील शाळांसाठी नियतकालिक चाचणी कार्यक्रम कसा आखावा?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांसाठी वर्षातून ठराविक काळाने घ्यावयाच्या चाचण्यांचा कार्यक्रम आखण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे आणि चाचण्या किती घ्याव्यात, केव्हा घ्याव्यात, निकालाचे काय करावे, असे आपण विचारले आहे. शिक्षक-प्रशिक्षण आणि मूल्यमापन या क्षेत्रांत दीर्घकाळ काम केल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. आराखड्याची सुरुवात निकाल हाती आल्यानंतरच्या आठवड्यापासून करावी आणि तेथून मागे येत प्रश्नपत्रिकेपर्यंत पोहोचावे. निकाल कोणाच्या हाती पडणार, किती दिवसांत पडणार आणि त्या व्यक्तीने दुसऱ्या दिवशी वर्गात काय वेगळे करणे अपेक्षित आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात तयार नसतील, तर चाचणी पुढे ढकललेली बरी.

सर्वप्रथम आधीच ठरलेल्या परीक्षा एका कागदावर मांडाव्यात. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेतर्फे भाषा, गणित आणि इंग्रजीची नियतकालिक मूल्यांकन चाचणी स्टार्स या केंद्र सरकारच्या शालेय शिक्षण सुधारणा प्रकल्पाखाली २०२३-२४ मध्ये सुरू झाली आणि तिचे पायाभूत (वर्षारंभीचा), संकलित एक व संकलित दोन (सत्रांअखेरचे) असे तीन टप्पे ठरले. त्याशिवाय २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानुसार चालणारे आकारिक (शिकवता शिकवता होणारे) व संकलित मूल्यमापन, पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा, शिष्यवृत्ती परीक्षा आणि अधूनमधून येणारी राष्ट्रीय सर्वेक्षणे असतातच. त्यावर जिल्ह्याची आणखी एखादी चाचणी लादल्यास शिकवण्याचे दिवस कमी होतात आणि शिक्षकांचा माहिती भरण्यातला वेळ वाढतो. म्हणून राज्याच्या चाचण्यांमधून जे कळत नाही, तेवढ्यापुरताच जिल्ह्याचा कार्यक्रम असावा, असे मी सुचवेन. पहिली-दुसरीचे वाचन आणि संख्याज्ञान ही त्यातील सर्वांत मोठी पोकळी आहे, कारण ते लेखी चाचणीतून नीट कळत नाही.

येथे दोन उद्देश वेगळे ठेवणे अत्यावश्यक आहे. जिल्ह्याचे एकंदर चित्र पाहण्यासाठी प्रत्येक मुलाची चाचणी घेण्याची गरज नसते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणात प्रत्येक जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे निवडून वाचन-गणिताचा अंदाज बांधला जातो, हे आपणास ठाऊक असेल. शाळांचा नमुना निवडतानाही थोड्या शाळांतील सगळी मुले घेण्यापेक्षा पुष्कळ शाळांतील थोडी थोडी मुले घ्यावीत. एका शाळेत एकाच शिक्षकाच्या हाताखाली शिकणारी मुले बऱ्याच बाबतींत सारखी असतात आणि त्यामुळे त्यांची संख्या वाढवून माहितीत फारशी भर पडत नाही. वर्गातील कोणत्या मुलाला काय अडते हे शोधणारी चाचणी मात्र प्रत्येक मुलाची घ्यावी लागते, ती शिक्षकानेच घ्यावी आणि तिचे गुण जिल्हा कार्यालयाकडे मागवूच नयेत. एकाच चाचणीवर ही दोन्ही ओझी टाकली की दोन्ही कामे बिघडतात.

वेळापत्रक ठरवताना स्थानिक परिस्थितीचा विचार करावा. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात पायाभूत पडताळणी, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी दुसरी आणि जानेवारीच्या मध्यास तिसरी, असा क्रम मला योग्य वाटतो. एप्रिलमधील चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत वर्षच संपलेले असते, तर जानेवारीतील निकालावर अजून दोन-अडीच महिने काम करता येते. ज्या भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे स्थलांतर करतात, तेथे दिवाळीपूर्वीची चाचणी न चुकता घ्यावी आणि जी मुले पालकांबरोबर जातात त्यांची नोंद वेगळी ठेवावी. अन्यथा जानेवारीत पटावरील सर्वांत अडचणीत असलेली मुले गैरहजर राहतात आणि जिल्ह्याची सरासरी कोणीही काही न करता वाढलेली दिसते. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैच्या पावसात शाळा अचानक बंद राहतात, त्यामुळे तेथे राखीव दिवस ठेवावे लागतात.

प्रश्नांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण कार्यक्रमाचा खरा कस येथेच लागतो. प्रत्येक अध्ययन निष्पत्तीवर, म्हणजे मुलाला जे यायला हवे अशा प्रत्येक ठरलेल्या गोष्टीवर, एकच प्रश्न असेल, तर मुलाला ती येते की नाही हे ठरवता येत नाही. किमान तीन प्रश्न असावेत आणि त्यामुळे एका वेळी मोजक्याच निष्पत्ती तपासाव्यात. चुकीच्या उत्तरांतून काही कळेल असे प्रश्न रचावेत. ४०२ वजा १७८ हे साधे उदाहरण घ्या. जे मूल ३७६ असे उत्तर लिहिते, ते प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहे, म्हणजे हातच्याची कल्पनाच त्याला उमगलेली नाही. जे मूल १३४ लिहिते, त्याला हातचा घेता येतो, परंतु दशकस्थानी शून्य असल्यामुळे ते दोन्ही वेळा थेट शतकातूनच घेते. दोघांनाही शून्य गुण मिळतील, पण पहिल्याला दशकाचे गठ्ठे सोडवून दाखवावे लागतील आणि दुसऱ्याला शतक सुटे करून आधी दशकांत आणावे लागते एवढेच समजवावे लागेल. एकूण गुणांच्या तक्त्यात हा फरक पूर्णपणे पुसला जातो. म्हणून नमुना शाळांतून प्रश्ननिहाय माहिती घ्यावी आणि शक्य असेल तेथे मुलाने लिहिलेले उत्तर जसेच्या तसे नोंदवावे.

पहिली-दुसरीसाठी लेखी प्रश्नपत्रिका टाळावी. मुलाला शेजारी बसवून अक्षर, शब्द, लहान परिच्छेद आणि गोष्ट या क्रमाने वाचायला द्यावे. घरी कोरकू, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांना सूचना त्यांच्या भाषेत सांगण्याची मुभा असावी आणि गणिताची शाब्दिक उदाहरणे वाचून दाखवावीत, नाहीतर गणिताच्या नावाखाली आपण मराठीच तपासत राहतो. अशा तोंडी चाचणीला प्रत्येक मुलामागे वेळ लागतो आणि द्विशिक्षकी शाळेत त्या काळात उरलेले वर्ग कोण सांभाळणार, हा प्रश्न आराखड्यात आधीच सोडवावा. केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, शिक्षकांची अदलाबदल किंवा डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेच्या छात्राध्यापकांची मदत, हे दोन्ही मार्ग व्यवहार्य आहेत.

दोन चाचण्यांची तुलना करताना सावध राहावे. जुलैत सरासरी ४५ टक्के आणि ऑक्टोबरात ५८ टक्के आली, यावरून प्रगती सिद्ध होत नाही, कारण दुसरी प्रश्नपत्रिका सोपी असू शकते. प्रत्येक चाचणीत काही प्रश्न समान ठेवावेत, ते गोपनीय राखावेत आणि प्रगतीचे विधान केवळ त्यांच्या आधारे करावे.

आता सर्वांत नाजूक बाब. निकालावरून शाळांची क्रमवारी लावू नका, शिक्षकांना नोटिसा देऊ नका आणि तालुक्यांची तुलना बैठकीत पडद्यावर दाखवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सात मुलांच्या वर्गात एका मुलाच्या निकालाने टक्केवारी चौदाने हलते, मग त्या क्रमवारीला अर्थ काय उरला? त्याहून गंभीर म्हणजे दडपण आले की आकडे बदलतात. अमेरिकेतील अटलांटा शहराच्या शाळांत गुणांची उद्दिष्टे बढती, बक्षीस आणि नोकरीशी जोडली गेली होती. तेथील २००९ च्या चाचण्यांची राज्य सरकारने चौकशी केली, तेव्हा २०११ च्या अहवालात तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत उत्तरपत्रिकांतील फेरफार आढळला आणि त्यात १७८ शिक्षक व मुख्याध्यापक गुंतल्याचे नमूद झाले. २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. ज्या मुलांची चुकीची उत्तरे खोडून दुरुस्त केली गेली, त्यांना मिळायला हवी असलेली जादा मदत त्यामुळे मिळाली नाही, आणि मला यातील सर्वांत मोठी हानी हीच वाटते. आपल्याकडेही निकालाबद्दल बोलणी खावी लागतील असे शिक्षकाला वाटले, तर फळ्यावर उत्तरे लिहिली जाण्यास वेळ लागणार नाही. नमुना शाळांतील काही उत्तरपत्रिका जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून पुन्हा तपासून घ्याव्यात, मात्र हेतू तपासणीतील फरक समजून घेण्याचा असावा आणि तो शिक्षकांना आधीच सांगावा.

निकाल आठवड्याच्या आत शाळेत पोहोचावा. एका पानावर कोणते प्रश्न सर्वाधिक चुकले, कोणती चूक वारंवार झाली आणि त्यावर कोणता उपक्रम घेता येईल, एवढे पुरे. केंद्राची मासिक शिक्षण परिषद ही या चर्चेसाठी आयती जागा आहे. तेथे सूचनापत्रे वाचण्याऐवजी मुलांनी सोडवलेली चार-पाच उदाहरणे समोर ठेवून शिक्षकांना बोलू द्यावे.

संपूर्ण जिल्ह्यात एकदम सुरुवात करू नये. पहिल्या वर्षी दोन केंद्रे निवडावीत, एक तालुक्याच्या गावाजवळचे आणि एक दुर्गम, आणि तेथे एका मुलाच्या तोंडी चाचणीस किती वेळ लागतो, पाकिटात प्रश्नपत्रिका कमी पडतात का, कोणती सूचना मुलांना कळत नाही आणि निकाल परत पोहोचायला प्रत्यक्षात किती दिवस लागतात, याची नोंद केंद्रप्रमुखांनी ठेवावी. दुर्गम केंद्रात निकाल आठवड्यात पोहोचत नसेल, तर पुढच्या वर्षी शाळा वाढवण्याआधी प्रश्नांची संख्या कमी करावी.