सातबाऱ्यावर चार नावं आणि सौर कंपनीचा भाडेपट्टा

प्रश्न थोडक्यात असा. माण तालुक्यातले एक वाचक लिहितात: "वडिलोपार्जित ७ एकर जिरायत आहे. ३३ केव्ही उपकेंद्र दीड किलोमीटरवर. सौर कंपनीचा एजंट यातली ५ एकर २८ वर्षं ११ महिन्यांच्या भाडेपट्ट्याने मागतोय. एकरी ४५ हजार, दरवर्षी ३ टक्के वाढ, १ लाख आगाऊ. त्याच्या नावाने मुखत्यारपत्र करून द्यायचं आहे. दुसरीकडे गावातलाच एक जण एकरी ८ लाखांनी विकत घ्यायला तयार आहे. सातबाऱ्यावर मी, पुण्यातला धाकटा भाऊ आणि दोन बहिणी. शेत मीच कसतो, ज्वारी-बाजरीतून खर्च जाऊन एकरी १६ हजार सुटतात. सोसायटीचं १ लाख ६० हजार पीककर्ज आहे. भाडं सुरू झालं की त्यावर साताऱ्यात फ्लॅट घ्यावा, हप्ता १८ हजार बसेल. द्यावी का जमीन?"

नमस्कार. तुमच्या हिशेबातली मोठी चूक आधी सांगतो, कारण तीच सगळ्यात महाग पडेल. ५ एकरांचे वर्षाला २ लाख २५ हजार येतील आणि फ्लॅटचा हप्ता वर्षाला २ लाख १६ हजार, म्हणजे बरोबर बसतं, असं तुम्ही धरलंय. पण हे भाडं चार नावांचं आहे. चौघांचे हिस्से समान असतील, तर तुमच्या खात्यात वर्षाला ५६ हजार २५० येतील. आज हीच ५ एकर कसून तुम्हाला ८० हजार सुटतात, आणि ते तुमच्या एकट्याच्या घरात येतात. म्हणजे जमीन दिल्यावर कुटुंबाची मिळकत जवळजवळ तिप्पट होते आणि तुमची मात्र घटते. तुमची मेहनत वाचते हे खरं, पण त्या वाचलेल्या वेळात दुसरं काय कमावणार हे ठरलेलं नसेल, तर वेळ वाचला म्हणून किराणा येत नाही.

त्यामुळे एजंटशी बोलण्याआधी भावाबहिणींशी बोला. बहिणी आजवर काही मागत नव्हत्या, कारण जिरायतीत मागण्यासारखं फारसं नव्हतं. दरवर्षी खात्यात जमा होणारं भाडं ही वेगळी गोष्ट आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि इथे तर त्यांची नावं सातबाऱ्यावर आहेतच. कंपनीचा वकील चौघांच्या सह्यांशिवाय दस्त करणार नाही. उरलेली २ एकर आणि विहीर तुमच्या वाट्याला राहील, किंवा कसणारा म्हणून भाड्यातला थोडा जास्त भाग तुम्हाला मिळेल, असं काही चौघांनी राजीखुशीने ठरवून आधी कागदावर घ्या. बहिणींकडून घाईत हक्कसोड लिहून घेऊन वर्षानुवर्षांचं भाडं एकट्याने घ्यायचा विचार करू नका. ते त्यांच्यावर अन्यायाचं होईल, आणि पुढे कोर्टात गेलं तर भाडंही अडकेल.

आता दर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, आणि ती उपकेंद्राजवळच तयार करायची, हा तिचा गाभा. त्यात खासगी जमिनीचं भाडं ठरवून दिलंय: हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार, किंवा मुद्रांक विभागाने धरलेल्या जमिनीच्या किमतीच्या ६ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. हेक्टरी सव्वा लाख म्हणजे एकरी ५० हजार ५८७ रुपये. एजंट ४५ हजार म्हणतोय. ५ एकरांवर हा फरक वर्षाला सुमारे २७ हजार ९०० रुपयांचा आहे. प्रकल्प याच योजनेतला आहे का, कोणत्या निविदेतला, कोणत्या उपकेंद्रासाठी आणि मंजुरीपत्र कोणाच्या नावाने, हे लेखी मागा. योजनेबाहेर एखाद्या कारखान्याला वीज विकणारा प्रकल्प असेल, तर हा दर त्यांना बांधील नाही. तरी घासाघीस करताना हाच आकडा धरा.

कंपनीला वाढवून देणं परवडेल का, तेही पाहा. ५ एकरांत साधारण १ मेगावॉट बसतो. वर्षाला सुमारे साडेसतरा लाख युनिट तयार होतात. २०२४ च्या सुरुवातीला या योजनेच्या मोठ्या निविदांत युनिटला ३ रुपयांच्या आसपास दर आले. म्हणजे ढोबळ ५२ लाखांची विक्री. त्यात तुमचे जादा २७ हजार ९०० म्हणजे युनिटमागे जेमतेम १.६ पैसे. मात्र कंपनीचा हा दर २५ वर्षं तोच राहतो, म्हणून एकरी लाख-सव्वा लाख मागितले तर ती उठून जाईल. उपकेंद्र जवळ असणं हे तुमचं खरं बळ आहे. जितकं अंतर जास्त, तितका वीजवाहिनीचा खर्च कंपनीच्या अंगावर. पण प्रत्येक उपकेंद्र ठरावीक मेगावॉटच घेऊ शकतं. ते भरलं की शेजारच्या जमिनीला सौरसाठी कोणी विचारत नाही. म्हणून महिना-दोन महिने घ्या, वर्षभर ताणू नका.

"दरवर्षी ३ टक्के" हे शब्द नीट तपासा. योजनेत ही वाढ सरळ पद्धतीची आहे, म्हणजे मूळ दरावर दरवर्षी तेवढीच. एकरी ५० हजार ५८७ वर दरसाल सुमारे १ हजार ५१८ रुपये वाढतात, आणि २८ व्या वर्षी भाडं ९१ हजार ५०० च्या आसपास जातं. चक्रवाढ धरली तर तेच १ लाख १२ हजार होतं. मसुद्यात नुसतं "३ टक्के" लिहिलं असेल तर पुढे वाद ठरलेला. शेवटी परिशिष्ट जोडून प्रत्येक वर्षापुढे रुपयांत आकडा लिहून घ्या. महागाई ५ टक्के धरली, तर २८ व्या वर्षीचे ते ९१ हजार ५०० म्हणजे आजचे सुमारे साडेचोवीस हजार. दहाव्या वर्षीच भाड्याची खरी किंमत आजच्या ८२ टक्क्यांवर आलेली असेल. ज्वारीचा भाव महागाईबरोबर थोडाफार तरी चढतो, हे भाडं तेवढं चढत नाही. पहिल्या दहा वर्षांत ते जिरायतीच्या तिप्पट वाटेल, शेवटच्या पाच वर्षांत दीडपट ते पावणेदोनपटच.

आणि हे जमीन जिरायतच राहील असं धरून. माणमध्ये जिहे-कठापूर आणि उरमोडीचं पाणी काही भागांत पोचतंय. तुमचा गट या योजनांच्या लाभक्षेत्रात येतो का, ते जलसंपदा विभागाच्या कार्यालयात नकाशावर बोट ठेवून विचारा. येत असेल तर देऊ नका. पाणी लागलेली जमीन २९ वर्षं पत्र्यासारखी झाकून ठेवायला ५० हजार कमी आहेत. येत नसेल तर पुढचं वाचा.

विकण्याबद्दल फार लिहीत नाही. ५ एकरांचे ४० लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत वर्षाला २ लाख ६० हजार देतील. योजनेच्या दराने भाडं जवळपास तेवढंच, २ लाख ५३ हजार, येतं. ते थोडं का होईना वाढतं, आणि जमीन चौघांच्या नावावर राहते. विकू नका.

आता कागद. मुखत्यारपत्र एजंटला अजिबात देऊ नका. ते हातात आलं की तो कोणत्याही कंपनीशी, कोणत्याही दराने तुमच्या नावाने करार करू शकतो, आणि आगाऊ दिलेला लाख परत मागायचा हक्कही स्वतःकडे ठेवू शकतो. भाडेपट्टा थेट प्रकल्प कंपनीशी, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, नोटरीचा शिक्का चालत नाही. "२८ वर्षं ११ महिने" का, असं वाटलं असेल. महाराष्ट्रात दहा वर्षांपुढच्या, पण २९ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जमिनीच्या निम्म्या किमतीवर मुद्रांक शुल्क लागतं, त्यापुढे ९० टक्के किमतीवर. बचत कंपनीची आहे, तुमचं त्यात नुकसान नाही. मुद्रांक, नोंदणी, मोजणी आणि पुढचा अकृषक आकार कंपनी भरेल, एवढं स्पष्ट लिहून घ्या.

मसुद्यात सगळ्यात जास्त फसवणारी ओळ असते "भाडे प्रकल्प कार्यान्वित झाल्यापासून देय राहील". दस्त झाला, कुंपण पडलं, पेरणी बंद झाली, आणि प्रकल्प दीड वर्ष रखडला, तर त्या दीड वर्षाचे हात रिकामे. भाडं ताबा दिल्याच्या तारखेपासून मागा. १२ महिन्यांत काम सुरू झालं नाही तर करार रद्द, आणि रद्दलेख कंपनीच्या खर्चाने, हेही लिहा. "सरकारी योजना आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. तुमचा करार कंपनीशी आहे, आणि ती बहुधा याच प्रकल्पापुरती काढलेली, थोड्या भांडवलाची कंपनी असते. म्हणून एक वर्षाच्या भाड्याइतकी बँक हमी, ३० दिवसांहून उशीर झाला तर व्याज, आणि सहा महिने थकलं तर जमीन परत घ्यायचा हक्क मागा. कर्ज देणारी बँक त्याआधी स्वतः थकबाकी भरायची संधी मागेल, ती द्यायला हरकत नाही. बँकेकडे तारण राहील तो कंपनीचा भाडेपट्ट्याचा हक्क. तुमची मालकी तारणात येत नाही, हे वाक्य दस्तात असलंच पाहिजे.

शेवटच्या वर्षाचं आत्ताच लिहा. पॅनेलखालचे लोखंडी खांब मीटर-दीड मीटर खोल काँक्रीटमध्ये असतात, ५ एकरांत शेकड्यांनी. बांध मोडलेले, वरची माती सपाटीकरणात गेलेली, चरांमध्ये केबल आणि खडी. हे सगळं उपसून, माती भरून जमीन कसण्याजोगी द्यायची जबाबदारी कंपनीची, आणि त्यासाठी विसाव्या वर्षापासून वेगळी हमी. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल येतात, पण ती जबाबदारी उत्पादकांवर आहे. जमिनीवर पडून राहिलेल्या फुटक्या पॅनेलचं काय, हे करारातच ठरवावं लागेल. ताबा देण्याआधी मोजणी करून घ्या, बांधांचे फोटो तारखेसह दस्ताला जोडा.

उरलेली २ एकर कसतच राहा आणि ई-पीक पाहणीत दरवर्षी नोंद करा. बिगरशेती वापरातल्या जमिनीवर पीएम-किसान मिळत नाही. चौघांची सगळीच जमीन सौरखाली गेली तर तुमचे ६ हजार आणि नमो सन्मानचे ६ हजार दोन्ही जातील. पुढे शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावाही लागतो. पीककर्जाचा बोजा कंपनी आधी उतरवायला सांगेल. आगाऊ रक्कम चौघांच्या संमतीने तिकडे वळवता येईल, पण ती तुमच्या हिश्शातून वळती धरा. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज राज्यात बिनव्याजी पडतं. ते आता २ एकरांपुरतंच मिळेल, याचीही तजवीज ठेवा.

कराचं फारसं ओझं नाही. सौरसाठी दिलेल्या जमिनीचं भाडं शेती उत्पन्न धरलं जात नाही, ते "इतर स्रोत" खाली करपात्र आहे. पण नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर कर शून्यावर येतो. महिन्याला ५० हजारांच्या आतल्या भाड्यावर टीडीएस कापायचा नसतो. तरी कापला, तर विवरणपत्र भरून परत मिळवा. शेती उत्पन्न ५ हजारांवर असल्याने आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ भरा.

फ्लॅट सध्या विसरा. योजनेचा दर मिळाला तरी तुमचा हिस्सा वर्षाला ६३ हजार, म्हणजे महिन्याला सव्वापाच हजार. १८ हजारांचा हप्ता त्यावर उभा राहत नाही. त्या ६३ हजारांतले २१ हजार दरवर्षी पीपीएफमध्ये टाकलेत, तर आजच्या ७.१ टक्के दराने १५ वर्षांनी सुमारे ५ लाख ७० हजार होतील. भाड्याची किंमत घटत जाणाऱ्या वर्षांत तेच पैसे कामाला येतील.

भाडं पहिल्या महिन्यापासून चार वेगळ्या खात्यांत जाईल, आणि एखाद्या हिस्सेदाराच्या पश्चात वारसाची नोंद होईपर्यंत फक्त त्याचाच हिस्सा थांबेल, बाकी तिघांचा चालू राहील, हे कलम मात्र विसरू नका.