साठीनंतर पुन्हा सायकलवर

या महिन्यात सायकलीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक असून आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी दांड्याच्या काळ्या सायकलीने शाळेत जात असे. पुढे मोटारसायकल आली आणि सायकल गोठ्यातील आड्याला टांगली गेली. आता गाडी मुलगा कामावर नेतो आणि वावर घरापासून चार किलोमीटरवर आहे, म्हणून दिवाळीनंतर तीच सायकल दुरुस्त करून घेतली. सकाळी पांदणीने जाताना फार बरे वाटते; परंतु गुडघ्याच्या वाटीपुढे दुखते, टांग टाकताना तोल जातो, वारा समोरून आला की उतरून चालावे लागते आणि चावडीवरची मंडळी ‘गुरुजी, पेट्रोल संपलं काय?’ असे विचारतात. या वयात हा हट्ट सोडून द्यावा काय?

उत्तर : गुरुजी, सोडू नये. आपल्या पत्रातील बहुतेक तक्रारी वयाच्या नसून सायकलीच्या मापाच्या आहेत, आणि माप बदलता येते.

प्रथम गुडघ्याविषयी. वाटीच्या पुढील बाजूस दुखण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सीट फार खाली असणे आणि जड पायडल जोर लावून मारणे. पडण्याच्या भीतीने आपल्या वयाची माणसे सीट अगदी खाली उतरवून घेतात. त्यामुळे पाय कधीच पुरता लांब होत नाही आणि सगळा भार दुमडलेल्या गुडघ्यावर येतो. भिंतीला धरून सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. अशा वेळी पाय सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवताना, म्हणजे चवडा पायडलवर असताना, गुडघ्यात किंचित वाक उरतो आणि तोच योग्य असतो. ही उंची एका दिवसात गाठण्याचा आग्रह धरू नये. दर आठवड्याला बोटभर सीट वर घेतली, तर शरीरालाही सवय होते आणि मनालाही. मात्र दुखणे वाटीपुढून गुडघ्याच्या मागे सरकले, तर सीट जास्त वर गेली असे समजून थोडी खाली घ्यावी. गुडघा सुजत असेल किंवा रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी गोष्ट आपल्या सायकलीच्या दात्यांची आहे, आणि तिच्याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. जुन्या काळ्या सायकलीला पुढे साधारणपणे ४४ दात्यांचे चाक आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असते. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळपास अडीच वेळा फिरते आणि २८ इंची चाकाची सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. तरण्या पायांना हे ठीक होते. आता ताशी १२ किलोमीटरच्या बेताच्या वेगासाठी आपण मिनिटाला जेमतेम ३७ फेरे मारता, आणि प्रत्येक फेऱ्यात बरेच बळ खर्च होते. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवून घेतले, तर एका फेऱ्यात सायकल सुमारे ४.४ मीटर जाईल; त्याच वेगासाठी फेरे ४५ होतील, परंतु प्रत्येक फेरा हलका होईल. गुडघ्याला जोराचा एक फेरा सोसवत नाही, हलके चार फेरे सोसवतात. चेनमध्ये एखादी कडी वाढवावी लागेल, ती कोणताही मिस्त्री वाढवून देतो. समोरच्या वाऱ्यातही याचा पुष्कळ उपयोग होतो, आणि गिअरच्या नव्या सायकलीपेक्षा हा बदल कितीतरी स्वस्त पडतो.

वाऱ्यावर दुसरा इलाज वेळेचा आहे. आपल्या भागात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून असतो आणि दिवस चढतो तसा वाढतो. वावर पश्चिमेला असेल, तर पहाटे वारा पडलेला असताना जावे. परतताना तोच वारा पाठीशी येतो. वावर पूर्वेला असेल, तर येताना त्रास होणार हे धरूनच निघावे आणि कॅरिअरवरचे ओझे जातानाच वाहून टाकावे. वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो, म्हणून समोरून वारा असताना जिद्दीने वेग राखण्याऐवजी तो सरळ कमी करावा. उतरून चालण्यातही काही कमीपणा नाही. सायकल हातात धरून अर्धा फर्लांग चाललेला माणूसही आपल्याच पायांनी वावरात पोहोचलेला असतो.

टांगेचा प्रश्न मला या सर्वांहून गंभीर वाटतो, कारण आपल्या वयात चढता-उतरताना पडण्याचा धोका मोठा असतो. डावा पाय पायडलवर ठेवून सायकल ढकलायची आणि धावत्या सायकलीवर उजवी टांग मागून टाकायची, ही जुनी रीत आता सोडून द्यावी. कॅरिअरवर पऱ्हाटीचा भारा किंवा डबा बांधला असेल, तर ती रीत धोक्याचीच आहे. सायकल उभी असताना ती आपल्याकडे पुरेशी कलती करावी, पाय दांड्यावरून पलीकडे न्यावा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवावेत आणि मगच पहिले पायडल मारावे. एवढेही जमत नसेल, तर ओट्याला किंवा पुलाच्या कठड्याला लागून चढावे. आणि कंबर साथच देत नसेल, तर दांडा नसलेली, वाकड्या चौकटीची सायकल घ्यावी. तिला बायकांची सायकल म्हणतात, एवढ्याच कारणाने अनेक चांगली माणसे ती घेत नाहीत आणि घरी बसून राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुन्या सायकलीचे ब्रेक लोखंडी सळ्यांचे असतात आणि रिम पोलादी असते. ती पावसाने ओली झाली की ब्रेक जवळपास लागतच नाहीत, ही गोष्ट आपल्याला तरुणपणापासून ठाऊक असेल. तेव्हा आपण पाय घासून थांबत होतो, आता तसे थांबता येणार नाही. ब्रेकचे झिजलेले गुटके बदलून घ्यावेत आणि ओल्या रस्त्यावर उतार लागण्याच्या आधीपासूनच वेग आवरावा. पूर्वी नगरपालिकेच्या गावात दिव्याशिवाय रात्री सायकल चालवली, तर पोलीस अडवत; आता कोणी अडवत नाही, म्हणून दिवे नाहीसे झाले. मागच्या मडगार्डवर लाल चकाकती पट्टी आणि पुढे सेलवरचा दिवा, इतके तरी अवश्य असावे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना समोरच्या गाडीच्या झोताने क्षणभर काहीच दिसेनासे होते. अशांनी दिवस मावळल्यावर डांबरी रस्ता टाळावा.

चावडीच्या मंडळींविषयी आपण शेवटी लिहिले आहे, पण मला वाटते तेच आपल्याला सर्वांत जास्त खुपते. आपल्या खेड्यांत सायकल ही गरिबीची खूण ठरली, आणि ज्यांनी मोठ्या कष्टाने ती मागे टाकली त्यांना परत तिच्यावर बसलेला माणूस पाहून चुकल्यासारखे वाटते. त्यांचे हसणे यातून येते, त्यात दुष्टावा नसतो. आपण मात्र मुलाच्या येण्याची वाट न पाहता, कोणाला ‘मला सोडून दे’ असे न म्हणता, आपल्या मनाने निघून धुऱ्यावर पोहोचता. उतारवयात माणसाचे पहिले हिरावले जाते ते हे आपल्या मनाने निघणे. ते आपण परत मिळवले आहे, आणि तुरीच्या फुलोऱ्यातून जाणारी पांदण, मोटारसायकलवरून कधीच ऐकू न येणारे तितरांचे ओरडणे, हे त्यासोबत मिळालेले आहे.

प्रश्न : मी ५८ वर्षांची गृहिणी आहे, तालुका राळेगाव. माहेरी असताना मी वडिलांच्या सायकलीवर कैची मारायला (दांड्याखालून पाय घालून चालवायला) शिकले होते, लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. नातीला शाळेतून सायकल मिळाली आहे आणि सुट्टीच्या दिवशी ती रिकामीच असते. मला पुन्हा चालवावीशी वाटते, पण पडले तर हाड मोडेल असे घरचे म्हणतात.

उत्तर : ताई, घरच्यांची काळजी खोटी नाही. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे ठिसूळ होत जातात आणि मनगट किंवा खुब्याचे हाड लहानशा पडण्यानेही मोडू शकते. म्हणूनच शिकण्याची रीत सांभाळून निवडावी. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळणाऱ्या सायकलींना दांडा नसतो, त्यामुळे नातीची सायकल आपल्याला सोयीची आहे. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. मिस्त्रीकडून दोन्ही पायडल काढून घ्या आणि खळ्याच्या किंवा शाळेच्या सपाट मैदानात पायांनी ढकलत सायकल चालवा; मातीतच, गिट्टीवर नव्हे. पाय उचलून आठ-दहा हात सायकल आपोआप सरळ जाऊ लागली, की पायडल पुन्हा लावा. पायडल लावताना मिस्त्रीला आठवण द्या की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर घाईत आटे खराब होतात.

तोल हा लहानपणी एकदा शरीरात बसला की पुरता जात नाही, पण तो परत येण्यास वेळ लागतो. तेवढा वेळ स्वतःला द्या. साडीचा पदर आणि निऱ्या चेनमध्ये किंवा तारांमध्ये अडकून होणारे अपघात फार वाईट असतात, म्हणून चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी शाबूत असल्याखेरीज बसू नका. सलवार-कुर्ता घालणे अधिक बरे. गावात त्यावरून कोणी बोलले, तर नातीला सोबत घेऊन जा. एक लक्षात असू द्या : सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, त्यामुळे हाडांना चालण्याने मिळते तसे बळ तिच्यातून मिळत नाही. आपले चालणे किंवा वावरातले काम सुटू देऊ नका.

प्रश्न : दर्यापूर तालुक्यात सराटे आणि बाभळीच्या काट्यांनी वैताग आणला आहे. पंक्चर काढून हातपाय दुखतात. काय करावे?

उत्तर : मिस्त्रीकडून जुनी ट्यूब लांबीने कापून तिचा पट्टा टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये बसवून घ्यावा. सराटे टायरच्या जाडीत अडकतात आणि फेऱ्यागणिक आत जातात, म्हणून वावरातून डांबरी रस्त्यावर येताच चाक फिरवून ते काढून टाकावेत. हवा कमी ठेवू नये. मऊ टायर काटा जास्त सहज घेतो आणि ओढायलाही जड जातो. सायकल उन्हात तापत ठेवल्यास सोल्यूशनने लावलेला तुकडा सुटतो, तेव्हा ती सावलीतच लावावी. आपल्या खारपाणपट्ट्यातील (खाऱ्या भूजलाच्या भागातील) काळी चिकण माती पहिल्या पावसानंतर मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरेनासे होते. तिच्यावर उपाय नाही. सुमारे २० किलोची सायकल चिखलातून खांद्यावर वाहण्यापेक्षा ते दिवस ती मुरमाच्या रस्त्यापुरतीच ठेवावी.

प्रश्न : वय ७१, जिल्हा चंद्रपूर. मला साखर आणि रक्तदाब दोन्ही आहेत. मुलगा बॅटरीची सायकल घेऊन देतो म्हणतो. घ्यावी काय, आणि उन्हाळ्यात चालवावी काय?

उत्तर : साखरेच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने सायकल चालवताना रक्तातील साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी, घाम सुटून हात कापू लागले, तर तेथेच उतरून ती खावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि अंगातील पाणी कमी होते. आपण कोणत्या गोळ्या घेता ते डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि निघण्याची वेळ त्यांच्याशी बोलून ठरवावी. चालवताना सोबत्याशी सलग बोलता आले पाहिजे. बोलताना दम लागला, तर वेग कमी करावा. छातीत दाटले किंवा डाव्या हातात कळ आली, तर ‘घरी पोहोचून पाहू’ असे म्हणू नये.

आपल्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सायकलीवर लागणाऱ्या वाऱ्याने घाम लगेच सुकतो आणि अंगातील पाणी किती गेले ते कळत नाही. मार्चअखेरपासून सकाळी आठच्या आत घरी परतावे, डोक्याला ओला दुपट्टा बांधावा आणि नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) सायकल सरळ घरी ठेवावी.

बॅटरीची सायकल अवश्य घ्यावी, चढावर आणि वाऱ्यात तिचा खरा आधार होतो. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर नोंदणी आणि परवाना लागत नाही. विकत घेताना हे दोन आकडे कागदावर पाहून घ्यावेत. ती साध्या सायकलीपेक्षा जड असते, म्हणून दुकानातच बॅटरी बंद करून थोडी चालवून पाहावी आणि उंबरठ्यावरून उचलून पाहावी. पायडल न मारता नुसत्या मुठीवर पळणारी निवडू नये, आपल्याला व्यायामही हवा आहे. बॅटरी काढून घरात नेता येईल अशीच घ्यावी, कारण गोठ्यात वीज असेलच असे नाही आणि मे महिन्यात पत्र्याखाली बॅटरी ठेवणे चांगले नाही.