झिंकची गोळी आणि टीएलडी एकाच घोटात नको

प्रश्न: माझे दीर ४८ वर्षांचे. नऊ वर्षं एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं) चालू आहे, सध्या रोज रात्री एक टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर या तीन औषधांची एक गोळी). एचआयव्ही असलेल्यांना कोविडचा वेगळा धोका नाही असं एकीकडे वाचलं, तर दुसरीकडे धोका दुप्पट असं. कोणतं खरं धरायचं?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर: दोन्ही विधानं आकड्यांतूनच आली आहेत. वय जमेस धरलं की नाही, यावर उत्तर बदलतं. ब्रिटनमध्ये २०२०च्या पहिल्या लाटेत रुग्णालयांत दाखल झालेल्या ४७,५९२ कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत एचआयव्ही असलेले १२२. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत त्यांच्यातले २६.७ टक्के दगावले, बाकीच्यांतले ३२.१ टक्के. वरवर पाहता एचआयव्हीवाले सुखरूप म्हणायचे! पण त्यांचं मध्यक वय (निम्मे त्याहून लहान, निम्मे मोठे) होतं ५६ आणि इतरांचं ७४. अठरा वर्षांनी लहान असून मृत्यू जवळपास तेवढेच. साठीच्या आतल्यांचीच तुलना केली तेव्हा खरा फरक दिसला: २१.३ टक्के आणि ९.६ टक्के. वय आणि इतर आजार धरून हिशेब केल्यावर धोका सुमारे १.७ पट निघाला. १२२ ही संख्या लहान आहे, त्यामुळे ‘किती पट’ हे फार काटेकोर धरू नका.

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला. चालू असलेला किंवा पूर्वी होऊन गेलेला क्षय तिथे धोक्यात स्वतंत्र भर घालत होता. आपल्याकडे क्षय किती आहे ते पाहता ही बाब नजरेआड करण्यासारखी नाही. हे आकडे लस येण्यापूर्वीचे आहेत.

तुमच्या दिरांपुरतं बोलायचं तर शेवटचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) पाहा. सीडी४ २०० च्या खाली असेल तर काळजी खरी. विषाणू दबलेला आणि सीडी४ चांगला असेल, तर मधुमेह, रक्तदाब, किडनी आणि लसीचे डोस यांकडे जास्त लक्ष द्या.

प्रश्न: भाऊ कोविडने दाखल झाला. सीडी४ ५०० होता, तो २०० वर आला. एआरटी निकामी झाली का? शिवाय क्रिएटिनीन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढलं म्हणून टीएलडी थांबवावी, असं एक जण म्हणतो.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: आजारात रक्तातल्या लिम्फोसाइट पेशीच (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, सीडी४ त्यांतल्याच) कमी होतात, म्हणून सीडी४ची संख्या घसरते. समजा लिम्फोसाइट २,००० आणि त्यांतले २५ टक्के सीडी४, म्हणजे ५००. लिम्फोसाइट ८०० वर आले की त्याच २५ टक्क्यांचे २०० होतात. रिपोर्टवर टक्केवारी पाहा. ती तशीच असेल तर एआरटीवर बोट ठेवू नका. शंका राहिलीच तर व्हायरल लोड करा आणि बरं झाल्यावर सीडी४ पुन्हा तपासा.

क्रिएटिनीनचं म्हणाल तर टीएलडीतलं डोल्युटेग्राविर ते ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम/डेसिलिटर इतकं वाढवतं. किडनी बिघडून नव्हे, ते बाहेर टाकण्याची वाट जराशी अडते म्हणून. ही वाढ पहिल्या काही आठवड्यांत होते आणि तिथेच थांबते. दाखल असताना रोज चढत असेल तर कारण वेगळं शोधायला हवं. मग टीएलडीतल्या टेनोफोविरचा (ते किडनीला त्रास देऊ शकतं) विचार एआरटी सेंटरशी बोलून करायचा, गोळी परस्पर बंद करायची नाही. हिपॅटायटिस बीही असेल तर टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन अचानक थांबल्याने लिव्हरला सूज भडकू शकते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो साध्या गोळ्यांचा. कोविडच्या चिठ्ठीत झिंक, कॅल्शियम, लोह, अँटासिड सर्रास लिहिलेलं असतं. ही द्रव्यं पोटात डोल्युटेग्राविरला चिकटतात आणि ते रक्तात पुरेसं पोचत नाही. टीएलडी या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर द्या. झिंक सकाळी आणि टीएलडी रात्री ठेवली की प्रश्न मिटतो. मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर नको, कारण डोल्युटेग्राविर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. कोविडसाठी दिलेल्या स्टेरॉइडने साखर वाढली की नेमका मेटफॉर्मिनचाच डोस वाढवला जातो, म्हणून नर्सला आधीच सांगा. भाऊ दुसऱ्या फळीच्या (पहिली औषधं चालेनाशी झाल्यावर देतात त्या) रिटोनाविरवर असता, तर बुडेसोनाइड या श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा पफही धोक्याचा ठरला असता. दोन्ही एकत्र आली की शरीरात स्टेरॉइड साचतं.

सीडी४ची टक्केवारीही कमी असेल आणि धाप दोन-तीन आठवड्यांपासून हळूहळू वाढत आली असेल, तर कोविड पॉझिटिव्ह आहे म्हणून तपास तिथे संपवू नका. न्यूमोसिस्टिसचा (प्रतिकारशक्ती खालावल्यावर होणारा, बुरशीचा) न्यूमोनिया सीटी स्कॅनवर कोविडसारखाच धुरकट दिसतो. त्यावर मोठ्या डोसात कोट्रायमोक्साझोल २१ दिवस लागतं. क्षयाची थुंकी-तपासणीही करून घ्या.

प्रश्न: दाखल होताना एचआयव्ही लपवला तर?
– नाव नको, ठाणे

उत्तर: वर लिहिलेली प्रत्येक चूक मग डॉक्टरांच्या नकळत होऊ शकते. नातेवाईकांसमोर बोलायचं नसेल तर डॉक्टरांना एकट्याने भेटायला सांगा. एआरटीची पुस्तिका आणि निदान दोन आठवड्यांच्या गोळ्या जवळ ठेवा. उपचारात भेदभाव करायला आणि परवानगीविना ही माहिती इतरांना सांगायला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. अडचण आलीच तर १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे.