मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मागितलं तर?

प्रश्न: माझं एमबीबीएसनंतर खासगी क्लिनिक आहे. नेहमीचे रुग्ण गेल्या आठवड्यातल्या रजेसाठी आज सर्टिफिकेट मागतात. द्यावं का? नोंद कशी ठेवावी?

उत्तर: त्या दिवशी तुम्ही रुग्णाला तपासलं असेल आणि केसपेपरवर नोंद असेल, तर द्या. पण सर्टिफिकेटवर आजचीच तारीख घाला आणि ‘अमुक तारखेला तपासले’ असं वेगळं लिहा. तपासलंच नसेल तर साफ नकार द्या, माणूस कितीही जवळचा असला तरी. खोटं सर्टिफिकेट देणं हे भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002च्या आचारसंहितेत गैरवर्तन ठरतं. ऑगस्ट 2023मध्ये आलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून 2002चेच चालू आहेत.

सर्टिफिकेटांसाठी स्वतंत्र रजिस्टर बंधनकारक आहे, आणि नेमकं तेच बहुतेक क्लिनिकांत नसतं. पानांवर क्रमांक असलेली साधी वही चालेल. सर्टिफिकेटवर रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता, किमान एक ओळखखूण, निदान, रजेचा कालावधी आणि तुमचा नोंदणी क्रमांक हवा. प्रत स्वतःकडे ठेवा. रुग्णाची सही समोरच घ्या. भावाला किंवा शेजाऱ्याला पाठवून नेलेल्या सर्टिफिकेटवर ती राहून जाते आणि पुढे चौकशीत ‘रुग्ण आलाच नव्हता’ असा अर्थ निघतो.

नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर आणि पैशांच्या पावतीवरही लागतो.