नववीतली मुलगी अजिबात खेळत नाही, याला मोबाईलच जबाबदार आहे का?

मोबाईलचा वाटा आहेच. परंतु मुलगी सातवीपर्यंत रोज खेळत होती आणि आठवीपासून थांबली, असे तुम्हीच पत्रात लिहिले आहे. मोबाईल तर घरात आधीपासून होता. तेव्हा मधल्या काळात शाळेत काय बदलले, ते आधी पाहावे.

मी एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते. दिवाळीची सुट्टी संपली की दहावीचा, आणि पाठोपाठ नववीचाही, खेळाचा तास गणिताकडे जात असे. वेळापत्रकात तास कायम असे, श्रेणीही नियमाने भरली जाई, फक्त मुली बाकावर बसलेल्या असत. एका वर्षी आमचा खो-खोचा संघ जिल्हा स्तरावर पोहोचला. मी फक्कीने मैदान आखून ठेवावे, तर गणिताचे सर वर्गाच्या खिडकीतूनच म्हणत, "मॅडम, आजचा तास तेवढा द्या, पोर्शन राहिला आहे." शेवटी शाळा भरण्यापूर्वी सराव घेऊ लागले, तेव्हा निराळेच प्रश्न पुढे आले: ओढणी सांभाळत खांबाशी सूर मारता येत नाही, घामेजलेला गणवेश बदलायला आडोसा नाही, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, पाळी आली की आईची चिठ्ठी ठरलेली. शिक्षकसभेत मी हे मांडले, त्यावर सरांनी विचारले, "खेळून काय गुण मिळणार आहेत?" राज्य व राष्ट्रीय स्पर्धांतील खेळाडूंना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, हे त्यांना ठाऊक होते, त्यांचा रोख संघाबाहेरच्या मुलींकडे होता, आणि माझे भांडणही त्या मुलींसाठीच होते.

जागतिक आरोग्य संघटना या वयात रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते. २०१६ पर्यंतच्या आकडेवारीनुसार जगातील ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के तेवढी करत नव्हते. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. मोबाईल दोघांच्याही हाती असतो, त्यामुळे हा फरक एकट्या मोबाईलवर ढकलता येत नाही.

शाळा सायकलच्या अंतरावर असेल आणि रस्ता बरा असेल, तर रिक्षा बंद करून सायकल द्यावी. मात्र जिना चढतानाच तिला धाप लागत असेल किंवा पाळीत रक्तस्राव फार होत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

आणि पालकसभेत खेळाचा तास प्रत्यक्ष मैदानावर होतो का, हे सर्वांसमोर विचारावे. पोर्शन राहिल्याचे कारण कोणी सांगितलेच, तर तो जूनपासून का राहिला, हेही विचारावे.